प्लेअरमधली गाणी संगणकावर आणताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडिलांचा १६० जीबीचा आयपॉड क्लासिक आहे. ज्या लॅपटॉपवरून त्यात गाणी भरली होती तो केव्हाच भंगारात गेला. आयपॉडवर साडेचार हजारांच्या आसपास गाणी आहेत. त्यातली कॅसेटवरून उतरवलेली नाट्यगीतं आणि भजनं दुसरीकडे कुठेही नाहीत. नव्या विंडोज लॅपटॉपला जोडल्यावर आयट्यून्सने, म्हणजे आयपॉडमध्ये गाणी भरायच्या ॲपलच्या प्रोग्रॅमने, विचारलं, ‘हा आयपॉड दुसऱ्या लायब्ररीशी जोडलेला आहे, पुसून सिंक करायचं का?’ घाबरून केबल उपटली. आता पुढे काय करू? (सांगली)

उत्तर : ‘कॅन्सल’ दाबलं असतं तरी भागलं असतं. पण ‘इरेज अँड सिंक’ दाबलं नाहीत, त्यामुळे गाणी जागेवर असणार.

सिंक या शब्दाने भल्याभल्यांना फसवलं आहे. सिंक म्हणजे कॉपी नव्हे. संगणकावरची यादी खरी मानायची आणि आयपॉड तिच्याबरहुकूम करायचा, असा त्याचा अर्थ. नव्या लॅपटॉपवरची यादी रिकामी असेल, तर आयपॉडही रिकामा होणार. हा बिघाड नाही, रचनाच तशी आहे. २००१ साली आयपॉड आला तेव्हापासून गाण्यांची वाट संगणकाकडून आयपॉडकडे अशी एकेरीच ठेवली होती, म्हणजे एकाची गाणी आयपॉडमार्गे दुसऱ्याच्या संगणकावर जाऊ नयेत. पहिल्या आयपॉडच्या वेष्टनावर तर ‘गाणी चोरू नका’ अशी तंबीच चिकटवलेली असायची. आपलीच गाणी परत घेणाऱ्याचीही त्यात पंचाईत झाली.

सुदैवाने तुमचा आयपॉड आतून साधी यूएसबी डिस्क आहे. गाणी काढायला आयट्यून्स लागतच नाही. उलट, ज्या संगणकावर आयट्यून्स नाही अशा एखाद्या संगणकावर हे काम केलंत तर सगळ्यात निर्धोक. ते जमत नसेल तर आधी आयपॉड न जोडता आयट्यून्स उघडा, प्रेफरन्सेसमध्ये ‘डिव्हायसेस’ या टॅबवर जा आणि आपोआप सिंक होऊ नये असा जो चौकोन आहे त्यावर खूण करा. शिवाय केबल जोडताना कंट्रोल आणि शिफ्ट या कळा एकत्र दाबून धरा आणि आयपॉड दिसेपर्यंत सोडू नका.

फाइल एक्सप्लोररमध्ये आयपॉड ड्राइव्ह म्हणून दिसत नसेल, तर तो डिस्क मोडमध्ये न्यावा लागतो. होल्डची कळ बंद आहे ना, ते पाहा. मग मेन्यू आणि मधलं बटण एकत्र सहा ते आठ सेकंद दाबून ठेवा. सफरचंद दिसलं रे दिसलं की ती दोन्ही सोडून मधलं बटण आणि प्ले-पॉज दाबून धरा. या अदलाबदलीत हात जरा सावकाश चालला की आयपॉड नेहमीसारखा सुरू होतो. असं झालं तर पुन्हा पहिल्यापासून करायचं, यात काही पुसलं जात नाही.

जोडल्यावर विंडोजने ‘ही डिस्क आधी फॉरमॅट करा’ असं सुचवलं तर सरळ नाही म्हणा. आयपॉड कधीकाळी मॅकवर तयार केलेला असला की विंडोजला तो वाचता येत नाही, एवढंच त्यामागचं कारण. खात्री करायची तर आयपॉडच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ उघडा आणि मधलं बटण दाबत पुढे जा. फॉरमॅट विंडोज की मॅकिंटॉश, ते तिथे लिहिलेलं असतं. मॅकिंटॉश निघालं तर कुणाचा तरी मॅक दोन तासांसाठी मागून आणा.

आता मुख्य काम. एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘हिडन आयटम्स’वर खूण केलीत की ‘आयपॉड कंट्रोल’ हा लपवलेला फोल्डर दिसेल. त्याच्या आत ‘म्युझिक’, आणि त्याच्याही आत एफ००, एफ०१ असे ओळीने फोल्डर. त्यातल्या फाइलींना चार अक्षरांची निरर्थक नावं दिलेली असतील. बिचकू नका. गाण्याचं नाव, गायक, अल्बम हे सगळं टॅगच्या रूपात फाइलीच्या पोटात असतं. अख्खा ‘म्युझिक’ फोल्डर संगणकावर कॉपी करा. वीसेक जीबीला अर्धा-पाऊण तास धरा. तेवढा वेळ लॅपटॉप झोपी जाणार नाही अशी सेटिंग करून ठेवा आणि चार्जर लावा.

क्लासिकमध्ये १.८ इंची फिरती हार्ड डिस्क असते आणि तुमची बरीच वापरलेली आहे. म्हणून आयपॉड सपाट जागी ठेवा, मध्येच उचलून पाहू नका. कॉपी एका जागी अडून बसली तर एफ००, एफ०१ असे फोल्डर एकेक करून घ्या. म्हणजे निदान कोणत्या फोल्डरात खराब फाइल आहे ते कळेल आणि ती वगळून पुढे जाता येईल. डिस्कमधून ठरावीक अंतराने टकटक ऐकू येऊ लागली तर मात्र थांबा. अशी डिस्क आणखी फिरवली की उरलेलंही जातं. तिथून पुढचं काम डेटा रिकव्हरीवाल्याचं.

कॉपी संपल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. फाइलींची संख्या आणि ‘साइज’समोरचा बाइटचा आकडा तंतोतंत जुळायला हवा. त्याखालचा ‘साइज ऑन डिस्क’ जुळणार नाही आणि जुळायची गरजही नाही. दोन डिस्क आपापल्या मापाचे कप्पे पाडतात, त्यामुळे तोच माल वेगवेगळी जागा अडवतो.

नावं परत आणण्यासाठी आता आयट्यून्स वापरायला हरकत नाही. आयपॉड काढून ठेवा. प्रेफरन्सेसच्या ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये फोल्डर व्यवस्थित लावायची आणि लायब्ररीत घेताना फाइली कॉपी करायची, अशा दोन्ही खुणा करा आणि कॉपी केलेला फोल्डर लायब्ररीत घ्या. गायक, त्यात अल्बम, त्यात क्रमांकासह गाणं अशी मांडणी आपोआप होते. आयट्यून्स नको असेल तर एमपी३टॅग या मोफत प्रोग्रॅममध्येही टॅगवरून फाइलीला नाव देता येतं.

एका गोष्टीसाठी मात्र तयार राहा. प्लेलिस्ट, तारे, कितीदा वाजलं याचे आकडे या गोष्टी गाण्याच्या फाइलीत नसतात. त्या आयपॉडच्या स्वतंत्र डेटाबेसमध्ये असतात. आणि कॅसेटवरून उतरवलेली गाणी डब्ल्यूएव्ही स्वरूपात असली, तर आयट्यून्समध्ये टाइप केलेली त्यांची नावंही बहुधा त्या डेटाबेसमध्येच असणार, फाइलीत नाही. अशा फाइली चार अक्षरी नावानेच हाती लागतात. त्यांच्यासाठी उबुंटू या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवरचा रिदमबॉक्स हा गाण्यांचा प्रोग्रॅम वापरून पाहा. तो आयपॉडचा डेटाबेस वाचून नावांनिशी यादी दाखवतो. वडिलांना शेजारी बसवून ऐकत ऐकत नावं लिहिणं हाही एक मार्ग आहे, आणि शंभर-दीडशे फाइली असतील तर तो काही वाईट नाही.

हे सगळं क्लासिक, मिनी आणि नॅनोपुरतं. आयपॉड टच किंवा आयफोन अशा डिस्कसारखे उघडत नाहीत.

प्रश्न : वेळ वाचावा म्हणून एमपी३ प्लेअरमधला अख्खा फोल्डर कट करून संगणकावर पेस्ट केला. मध्येच केबल सैल झाली. आता काही गाणी ना इकडे ना तिकडे, काही अर्धवट वाजतात. प्लेअर जोडला की विंडोज म्हणतं, ड्राइव्हमध्ये दोष आहे, तपासून दुरुस्त करू का? (नाशिक)

उत्तर : लगेच हो म्हणू नका. प्लेअरवर नवीन काही टाकूही नका.

आधी वेळेचा गैरसमज. एकाच ड्राइव्हवर कट-पेस्ट झटकन होतं, कारण फाइल हलतच नाही, फक्त तिचा पत्ता बदलतो. दोन वेगळ्या ड्राइव्हमध्ये मात्र कट म्हणजे आधी कॉपी आणि मग मूळ पुसणं. म्हणजे वेळ वाचत नाहीच, वर पुसण्याचं काम वाढतं. कॉपी करा, मोजून पाहा, दोन-चार गाणी शेवटपर्यंत वाजवा आणि मगच मूळ पुसा.

आता उपाय. फोटोरेक हा मोफत प्रोग्रॅम नावाप्रमाणे फक्त फोटोंचा नाही, एमपी३ही शोधतो. तो प्लेअरवर चालवा आणि सापडलेल्या फाइली ठेवण्याची जागा म्हणून संगणकावरचा फोल्डर द्या. प्लेअरवरच ठेवल्यात तर जी गाणी वाचवायची त्यांच्याच डोक्यावर नवीन फाइली लिहिल्या जातील. मूळ नावं मिळणार नाहीत, टॅग मिळतील.

ते झाल्यावर विंडोजला दुरुस्ती करू द्या. ज्या तुकड्यांचा पत्ता हरवला आहे ते ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरमध्ये सीएचके असं शेपूट (नावातला टिंबानंतरचा भाग) लावून जमा होतात. फोल्डर दिसला नाही तर लपवलेल्या फाइली दाखवायची सोय चालू करा. त्यांचं शेपूट बदलून एमपी३ करून पाहा, काही तुकडे वाजतील. एमपी३ फाइल म्हणजे सेकंदाच्या चाळिसाव्या भागाएवढ्या छोट्या छोट्या तुकड्यांची माळ असते. प्रत्येक तुकड्याच्या कपाळावर त्याची माहिती लिहिलेली असते, म्हणून माळ तुटली तरी उरलेले मणी कामाचे राहतात. एम४ए या दुसऱ्या प्रकारच्या गाण्याच्या फाइलीचं तसं नाही. त्यात कोणता आवाज कुठे आहे याची अनुक्रमणिका एकाच ठिकाणी असते आणि बरेचदा ती फाइलीच्या शेवटी असते. तो शेवटचा भाग तुटला की पाच मिनिटांचं गाणं पाच सेकंदही वाजत नाही.

प्लेअरऐवजी अँड्रॉइड फोन असता तर कठीण होतं. फोन एमटीपी पद्धतीने जोडला जातो, त्याला ड्राइव्हचं अक्षर मिळत नाही, त्यामुळे असे प्रोग्रॅम त्याच्या अंतर्गत मेमरीपर्यंत पोचत नाहीत. गाणी मेमरी कार्डावर असतील तर कार्ड काढून कार्ड रीडरमध्ये घाला, म्हणजे वरचे सगळे उपाय लागू होतात.

प्रश्न : २ जीबीच्या जुन्या प्लेअरमध्ये जवळजवळ निम्मी जागा रिकामी दिसते, तरी नवीन गाणं घेत नाही. आहेत ती गाणीही मनात येईल त्या क्रमाने वाजतात आणि मराठी नावांच्या जागी चौकोन दिसतात. प्लेअर टाकून द्यावा का? (पणजी)

उत्तर : टाकू नका. तिन्ही तक्रारींची कारणं वेगळी आहेत आणि प्लेअर तिन्ही बाबतींत निर्दोष आहे. निदान दोन बाबतींत तरी.

सगळी गाणी तुम्ही फोल्डर न करता वरच्या वर टाकली असणार. २ जीबीपर्यंतचे जुने प्लेअर सहसा फॅट१६ या फाइलींच्या नोंदी ठेवायच्या जुन्या पद्धतीचे असतात आणि तिथे सर्वांत वरच्या पातळीवर नोंदींची जागा मोजून ५१२. गाणी ५१२ मावतील असं मात्र नाही. लांब नाव किंवा देवनागरी नाव असलं की दर १३ चिन्हांना एक नोंद खर्ची पडते आणि त्याशिवाय मूळ फाइलीची एक. संगणक काने, वेलांट्या, हलन्त सगळं सुटं मोजतो. ‘नाट्यगीत’ आपल्याला चार अक्षरी, त्याला आठ चिन्हांचं. शेपटासकट २६ चिन्हांचं नाव तीन नोंदी खातं. म्हणजे १७० गाण्यांत वही भरली, पुढे गोदाम रिकामं असून उपयोग नाही. फोल्डर करून गाणी त्यांत हलवा. फोल्डरच्या आत ही मर्यादा नाही.

क्रमाचं असं, की स्वस्तातले प्लेअर आणि गाडीतले बरेचसे स्टिरिओ नावाकडे बघतच नाहीत. डिस्कवर ज्या क्रमाने नोंद झाली त्या क्रमाने वाजवतात. गाण्यांना ०१, ०२ असे आकडे देऊनही फरक पडला नाही तर हेच कारण समजा. फोल्डर रिकामा करून गाणी हव्या त्या क्रमाने एकेक टाका, नाहीतर ड्राइव्हसॉर्टसारखा नोंदी लावून देणारा प्रोग्रॅम वापरा. तो चालवण्याआधी प्लेअरमधलं सगळं संगणकावर कॉपी करून ठेवा. नोंदींची वही नव्याने लिहिली जाताना वीज गेली तर काय होतं ते वरच्या उत्तरात आलं आहे.

चौकोन दिसतात कारण प्लेअरमध्ये देवनागरी फाँटच नाही. गाणं शाबूत आहे. नावांच्या जागी चौकोनांऐवजी भलतीच चिन्हं उमटत असतील तर एमपी३टॅगच्या सेटिंगमध्ये टॅगचा प्रकार आयडी३ आवृत्ती २.३, यूटीएफ-१६ असा निवडून फाइली पुन्हा सेव्ह करा. जुन्या प्लेअरना २.४ आवृत्ती बऱ्याचदा झेपत नाही. फाँट नसेल तर यानेही काही होणार नाही. मग प्लेअरवरच्या प्रतीला रोमन नाव द्या, संगणकावरची देवनागरीतच राहू द्या.

प्रश्न : मॅकवरून पेनड्राइव्हमध्ये गाणी भरली. म्युझिक सिस्टिमवर प्रत्येक गाण्यामागे एक न वाजणारी फाइल येते. (पुणे)

उत्तर : त्या फाइलींची नावं टिंब आणि अधोरेषेने सुरू होतात आणि आकार असतो जेमतेम ४ केबी. मॅक आपली जादा माहिती फॅटच्या ड्राइव्हवर अशी वेगळी ठेवतो, आणि एमपी३ शेपूट बघून बिचारी सिस्टिम ती वाजवायला जाते. विंडोज संगणकावर लपवलेल्या फाइली दाखवून त्या आकाराप्रमाणे लावा आणि पुसून टाका. ४ केबीचं गाणं नसतं, त्यामुळे चुकण्याची भीती नाही.

प्रश्न : स्ट्रीमिंग ॲपमध्ये डाउनलोड केलेली गाणी संगणकावर कशी न्यायची? (ठाणे)

उत्तर : नेता येत नाहीत. ती कुलूपबंद असतात, किल्ली ॲपकडे, आणि वर्गणी संपली की तीही जाते. कायमचं हवं असलेलं गाणं फाइलीच्या रूपात विकत घ्या किंवा सीडीवरून उतरवा.

प्रश्न : संगणक आणि प्लेअर दोन्हीकडे गाणी सारखी ठेवण्यासाठी फ्रीफाइलसिंक घेतलं आहे. त्यात टू-वे, मिरर, अपडेट असे पर्याय आहेत. कोणता निवडू? (कोल्हापूर)

उत्तर : अपडेट. प्रोग्रॅमच्या खिडकीत डावीकडे आणि उजवीकडे एकेक फोल्डर असतो; डावीकडचं नवीन किंवा बदललेलं तेवढं तो उजवीकडे नेतो, पुसत काही नाही. मिरर उजवी बाजू हुबेहूब डावीसारखी करतो, म्हणजे प्लेअरवर जास्तीची असलेली गाणी उडतात. टू-वेमध्ये तर एकीकडे चुकून पुसलेलं गाणं दुसरीकडूनही पुसलं जातं. कोणताही पर्याय घ्या, आधी ‘कंपेअर’ दाबून यादी बघा. यादीत पुसण्याची एक जरी खूण दिसली तर ते गाणं कोणतं, हे वाचल्याशिवाय पुढचं बटण दाबू नका. प्लेअरवरून संगणकावर आणताना प्लेअर डावीकडे हवा. बाजू उलट लागल्या असतील तर मधल्या बाणांच्या बटणाने अदलाबदल होते.