दोन्ही रुळांत वीज, मग शॉर्ट का होत नाही?

फोंड्याच्या एका सभासदाने विचारलंय: भाच्यासाठी दुबईहून एचओ मापाच्या खेळण्यातल्या रेल्वेगाडीचा सेट आलाय, गोल ट्रॅक जोडला, पण कंट्रोलरपासून लांबच्या वळणावर गाडी मंदावते, मधेच थांबते, बोटाने ढकलली की पुन्हा सुटते. अडॅप्टर कमी पडतोय का, राउटरचा लावू का, आणि दोन्ही रुळांत वीज असताना लोखंडी चाकांमुळे शॉर्ट कसं होत नाही?

बाब, शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो कळला की बाकीची उत्तरं तुमची तुम्हालाच सापडतील. मडगावच्या फलाटावरून दिसते ती वरची तार २५,००० व्होल्ट एसीची. तिच्यातून वीज इंजिनात येते आणि चाकांवाटे रुळांत उतरून परत जाते. आपल्या टेबलावर वर तार नाही, म्हणून येणं आणि जाणं दोन्ही खालूनच: एक रूळ येण्याचा, दुसरा जाण्याचा. आता एक डबा उलटा करा आणि चाकांची जोडी उजेडात नीट बघा. दोन चाकं जोडणारा दांडा, म्हणजे ॲक्सल, धातूचा असला तर निदान एका चाकात, ॲक्सल घुसतो तिथे, प्लास्टिकचं बारीक कडं दिसेल. काही सेटमध्ये अख्खा ॲक्सलच प्लास्टिकचा असतो. डावं चाक आणि उजवं चाक विजेच्या दृष्टीने एकमेकांना ओळखतच नाहीत, म्हणून शॉर्ट होत नाही.

इंजिनात चाकांच्या पाठीला पातळ पट्ट्या घासत असतात. त्या वीज उचलून मोटरला देतात. कंट्रोलरची मूठ फिरवता तेव्हा व्होल्टेज शून्यापासून साधारण १२ पर्यंत चढतं आणि त्यानुसार वेग वाढतो. दिशेचं बटण दाबलं की प्लस-मायनसची अदलाबदल होते आणि गाडी उलटी धावते. गंमत करून बघायची असेल तर इंजिन उचलून तोंड फिरवून ठेवा. बटणाला हात न लावता ते पूर्वीच्याच दिशेला जाईल, फक्त आता पाठमोरं.

आता तुमचं वळण. ढकलल्यावर गाडी सुटते म्हणजे अडॅप्टर ठीक आहे, वाटेत अडथळा आहे. तो दोन ठिकाणी असतो. पहिलं, रुळांचे सांधे. प्रत्येक जोडाची धातूची पट्टी थोडी ढिली असली की थोडा थोडा विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, गळत जातो, आणि सगळ्यात लांबच्या टोकाला तो जाणवतो. मल्टिमीटर असेल तर मूठ एकाच जागी ठेवून, गाडी चालू असताना, कंट्रोलरजवळ आणि त्या वळणावर व्होल्टेज मोजा. गाडी उचलून मोजलंत तर दोन्हीकडे सारखंच दिसेल आणि फसाल, कारण करंट वाहत नाही तोवर दाब पडतच नाही. फरक मोठा निघाला तर कंट्रोलरपासून दोन तारा थेट त्या वळणाच्या रुळांना न्या. आतला रूळ आतल्याला, बाहेरचा बाहेरच्याला. इथे चुकलात तर मात्र खरोखरच शॉर्ट होईल.

दुसरं ठिकाण म्हणजे मळ, आणि आपल्या खाऱ्या, दमट हवेत माझा पहिला संशय कायम त्याच्यावरच असतो. जून ते सप्टेंबर तर विचारूच नका. रुळावरून अंगठा फिरवा, काळा आला की समजा. आयसोप्रोपिल अल्कोहोल सुती कापडावर घेऊन रूळ पुसा. पॉलिश पेपर नको, त्याच्या ओरखड्यांत मळ आणखी घट्ट बसतो. मग इंजिनाची चाकं: टिश्यूचा तुकडा त्याच द्रवाने ओलसर करून रुळांवर आडवा ठेवा, इंजिनाची पुढची चाकं त्यावर आणि मागची उघड्या रुळांवर ठेवून, हाताने धरून मूठ थोडीशी फिरवा. टिश्यूवर दोन काळ्या रेघा उमटतात. मग इंजिन फिरवून मागची चाकं तशीच करा. द्रव पेट घेणारा आहे, म्हणून आधी रूळ पुसून पूर्ण वाळू द्या, खिडकी उघडी ठेवा आणि टिश्यू चिंब नको.

राउटरचा अडॅप्टर बहुतेकदा १२ व्होल्ट डीसी असतो, पण तो थेट रुळांना लावू नका. गाडी पूर्ण वेगाने सुटेल आणि पहिल्याच वळणावर जमिनीवर येईल. कंट्रोलरच्या पाठीमागे काय इनपुट लिहिलंय ते बघूनच अडॅप्टर निवडायचा, कारण काही कंट्रोलर डीसी घेतात तर काही एसी. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर तर अजिबात नको. दुबईचा सेट आपल्या २३० व्होल्टला चालतो. अमेरिकेहून आलेल्याच्या लेबलवर फक्त १२० लिहिलं असेल तर तो प्लगमध्ये घालूच नका. रुळांवरच्या १२ व्होल्टांनी भाच्याला शॉक बसणार नाही. धोका भिंतीकडच्या बाजूला आहे, म्हणून अडॅप्टरची वायर फाटली असेल तर आधी ती बदला.

डीसीसी, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल, याबद्दल वाचून गोंधळला असाल तर एवढंच: त्यात रुळांवर सतत १४-१५ व्होल्ट असतात, आणि प्रत्येक इंजिनातला डिकोडर स्वतःच्या नंबरचा हुकूम ऐकतो. एका ट्रॅकवर दोन इंजिनं वेगवेगळी चालवायची इच्छा होईपर्यंत त्या खर्चात पडू नका.

दोन्ही ठिकाणचे व्होल्टेज आणि कंट्रोलरवरचं लेबल इथे टाका, मग तार नेमकी कुठे जोडायची ते सांगतो.