क्रेडिट : उधारी की जमा?

कारेलीबागेतल्या एका वाचकताईंचा प्रश्न आहे. त्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत. अमेरिकेतल्या एका संस्थेचं ऑनलाइन प्रशिक्षण घ्यायचा त्यांचा विचार आहे. माहितीपत्रकात एका जागी ‘सीई क्रेडिट’ (सीई म्हणजे कंटिन्युइंग एज्युकेशन, व्यवसायात असताना घ्यायचं शिक्षण), दुसऱ्या जागी ‘सीईयू’ आणि तळाशी ‘कॉन्टॅक्ट अवर’ लिहिलंय. हे सगळं एकच का, आणि मराठीत याला काय म्हणायचं? जाता जाता त्यांनी असंही लिहिलंय : ‘सासूबाईंना म्हटलं, सहा क्रेडिट मिळतील. तर त्या म्हणाल्या, मग ती फेडायची कधी?’

सासूबाईंचं चुकलं असं मी तरी म्हणणार नाही. बडोद्यात बँकेच्या काउंटरमागे आयुष्य गेल्यामुळे हा घोटाळा माझ्या चांगला ओळखीचा आहे. मराठी खातेवहीत एका बाजूला ‘जमा’, दुसऱ्या बाजूला ‘नावे’. गुजराती वहीत ‘जमा’ तीच, पण ‘नावे’च्या जागी ‘उधार’. म्हणजे गुजराती हिशेबनीसाचं ‘उधार’ हे डेबिट, आणि वाण्याकडून आपण आणतो ती उधारी मात्र इंग्रजीत ‘ऑन क्रेडिट’. दांडिया बाजारातल्या मराठी माणसाला या दोन्ही वह्या वाचाव्या लागतात, त्यामुळे ‘क्रेडिट’ ऐकलं की पैसे आले की गेले हे आधी विचारून घ्यायची सवय त्याला लागलेली असते.

शब्दाचं मूळ पाहिलं की गुंता सुटतो. लॅटिन ‘क्रेदो’ म्हणजे मी विश्वास ठेवतो. आपल्या ‘श्रद्धा’ शब्दाचं हे सख्खं भावंड. श्रद् अधिक धा, तशीच तिकडची जोडणी. वाणी विश्वासाने माल देतो तेही क्रेडिट, आणि बँक तुमचे पैसे तुमच्या नावावर मांडते तेही क्रेडिट. त्या विश्वासाला मराठीत अस्सल शब्द आहे ‘पत’. पतपेढी त्यातूनच आली. पण ‘मला सहा पत मिळाल्या’ असं काही म्हणता येत नाही.

मग उरतं ‘श्रेय’. सिनेमाच्या शेवटची श्रेयनामावली ठीक आहे. विद्यापीठांनी त्यावरून ‘श्रेयांक’ केला, तो आता रुळला आहे. तरीही ताईंच्या कामाला मी तो वापरणार नाही, आणि कारण भाषेचं नसून हिशेबाचं आहे. कॉलेजात व्याख्यानाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रभरातले १५ तास. नव्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात तर एका क्रेडिटमागे अभ्यासासकट ३० तास धरले आहेत. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांचं सीई क्रेडिट मात्र साधारण एका तासाचं. दोन्हीला श्रेयांक म्हटलं की सहा तासांची कार्यशाळा करून आलेली बाई ९० तास शिकून आल्यासारखी वाटते.

खरी ठेच ‘सीईयू’शी लागते. यातला ‘यू’ म्हणजे युनिट, आणि ते मोजमाप ठरलेलं आहे : एक सीईयू म्हणजे १० कॉन्टॅक्ट अवर. सहा तासांचं प्रशिक्षण म्हणजे ०.६ सीईयू. पण तिकडची मंडळी बोलताना, आणि जाहिरातीतही, सरसकट कुठल्याही क्रेडिटला सीईयू म्हणून मोकळी होतात. आपण किलोला शेर म्हणावं तसला प्रकार. तेव्हा ‘६ सीईयू’ असं छापलेलं असेल तर ६० तास शिकवणार आहेत की सहा, हे आधी विचारा. बहुधा सहाच निघतील.

‘कॉन्टॅक्ट अवर’ प्रत्यक्ष शिकवणीचा तास, नर्सिंगमध्ये हा शब्द जास्त चालतो. समुपदेशकांच्या तिकडच्या प्रमाणन मंडळाला ‘क्लॉक अवर’ आवडतो. घड्याळ तेच, पाट्या वेगळ्या.

आपल्याकडे पाट्या आणखी निराळ्या. मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर, म्हणून त्यांचं ‘सीएमई’, कंटिन्युइंग मेडिकल एज्युकेशन. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांत दर पाच वर्षांत ३० तास असं सरळ तासांतच लिहिलंय. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणून मधला शब्द बदलून ‘सीआरई’. त्यातला ‘आर’ रिहॅबिलिटेशनचा. सीआरईचे पॉइंट परिषदेने मंजूर केलेल्या कार्यक्रमांचे असतात. अमेरिकन प्रमाणपत्रावरचं क्रेडिट आपोआप त्यात धरलं जाईल असं समजू नका. ताई, पैसे भरण्याआधी हे परिषदेला लेखी विचारून घ्या.

‘ॲक्रेडिटेड’मध्येही तोच क्रेडिट लपलेला आहे. त्याला मराठीत ‘अधिस्वीकृत’ म्हणतात, अधिस्वीकृतीधारक पत्रकारांमुळे हा शब्द आपल्या कानावर असतो. पण अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या बाबतीत ‘अप्रूव्ह्ड’ हा शब्द वापरते, आणि ती मान्यता कार्यक्रम घेणाऱ्या संस्थेला असते. त्या कार्यक्रमाची आणि त्यात काय शिकवलं याची जबाबदारी संस्थेवरच राहते. ‘असोसिएशनमान्य अभ्यासक्रम’ असं भाषांतर कुणी केलं तर ते मला सैल वाटतं.

राहिलं ‘कंटिन्युइंग एज्युकेशन’. सरकारी शब्द ‘निरंतर शिक्षण’. शब्द चांगला होता, पण साक्षरतेच्या मोहिमांत ‘प्रौढ व निरंतर’ अशी जोडी इतकी वर्षं फिरली की आता तो ऐकून कंदील आणि पाटीच डोळ्यांपुढे येते. पीएचडी झालेल्या बाईंना ‘तुमचं निरंतर शिक्षण कसं चाललंय’ विचारायची माझी तरी छाती नाही. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ साली आठ भाषांतल्या शासनशब्दांचा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ निघाला होता. त्या मंडळींपुढे हा शब्द ठेवला असता तर त्यांनी काय काढलं असतं, असं मनात येतं. तोवर मी ‘व्यवसायातलं पुढचं शिक्षण’ म्हणेन. लांब आहे, पण कंदील दिसत नाही.

आणि क्रेडिटला? कागदावर ‘क्रेडिट’च लिहा, प्रमाणपत्रावर असेल तेच, अक्षरही बदलू नका. बोलताना मात्र ‘जमा तास’ म्हणून पाहा. सीईयू असो की पॉइंट, आधी त्याचे तास करा आणि मग बोला. सासूबाईंना ‘सहा तास जमा झाले’ म्हटलंत, तर फेडायचं कुणाला हे विचारायचं कारण राहणार नाही. फार तर विचारतील, सहा तास बसून नाश्ता काय दिला?