पाच तारा आणि पंधरा पडदे

प्रश्न : माझे मामा व्यापारी जहाजांवर नोकरीला होते. १९७१ साली रजेवर येताना त्यांनी विलायतेतून एक वापरलेली इलेक्ट्रिक बास गिटार आणली आणि पुढे बरीच वर्षे ते ती इंदुरातल्या गणेशोत्सवाच्या ऑर्केस्ट्रात वाजवत असत. मामा गेल्यावर ती माझ्याकडे आली. तिला चारऐवजी पाच तारा आहेत, पडदे मात्र पंधराच आहेत. डोक्यावरच्या अक्षरांपैकी ‘फेंडर’ एवढेच आता वाचता येते. दुरुस्तीला नेली तेव्हा कारागिराने सांगितले की, कोणीतरी दांडी कापून आखूड केली आहे, पाचवी खुंटी मागाहून बसवली आहे आणि त्यामुळे तिला जुन्या वाद्याचे मोल उरलेले नाही. हे खरे आहे का? ती कोणत्या साली बनली, हे कसे शोधावे? सोबत छायाचित्रे पाठवत आहे.
— एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : दांडी कोणीही कापलेली नाही आणि पाचवी खुंटीही मूळचीच आहे. छायाचित्रांतले आपले वाद्य म्हणजे अमेरिकेतल्या फेंडर कंपनीची ‘बास फाइव्ह’ आहे. हा नमुना १९६५ ते १९७० एवढीच वर्षे निघाला आणि तोही थोड्या संख्येने. जाणकारांचा अंदाज हजाराच्या आसपासचा आहे. आपल्या कारागिराने असे वाद्य कधी हाती घेतले नसेल तर त्यात त्यांचा दोष नाही. मात्र त्यांच्या शब्दावर विसंबून आपण ते मोडीत काढले नाही, याचा मला मनापासून आनंद झाला.

पंधरा पडद्यांचा खुलासा आधी करतो, कारण सगळा संशय तिथूनच सुरू झाला आहे. नेहमीच्या चार तारी बासच्या तारा ई, ए, डी, जी अशा मिळवतात, म्हणजे प्रत्येक तार आधीच्या तारेच्या शुद्ध मध्यमावर असते. फेंडरने ‘बास फाइव्ह’मध्ये हीच चाल एक पायरी पुढे नेली आणि जीच्या वर सी ही बारीक तार दिली. शुद्ध मध्यम षड्जापासून पाच अर्धस्वरांवर येतो. फेंडरच्या ‘प्रिसिजन बास’ला वीस पडदे असतात, तिच्या जी तारेवर विसाव्या पडद्याशी जो स्वर निघतो, तोच स्वर सी तारेवर पंधराव्या पडद्याशी मिळतो. वरचा शेवटचा स्वर तोच राहत असेल तर उरलेल्या पाच पडद्यांची गरजच काय, असा साधा हिशेब त्यामागे होता. हात दांडीवर वरखाली पळवण्याऐवजी एका ठिकाणी स्थिर ठेवून तारांवरून आडवा फिरवावा, ही त्यातली कल्पना होती.

याचा पडताळा घरच्या घरी घेता येईल. खुंट्यांखालच्या अटीपासून (तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी) बाराव्या पडद्यापर्यंत टेप लावा; अंतर १७ इंच भरेल आणि तिथून घोडीपर्यंत पुन्हा तेवढेच, म्हणजे एकूण ३४ इंच. हे फेंडरच्या मोठ्या बासचे नेहमीचे माप आहे. पडदे कमी असल्यामुळे दांडी लवकर संपते आणि शेवटचा पडदा ते घोडी हे अंतर ‘प्रिसिजन’पेक्षा सुमारे साडेतीन इंचांनी वाढते. वाद्याचे धड एवढे लांबट दिसते ते यामुळेच. दांडी कापणारा माणूस धड लांबवू शकत नाही. खुंट्यांचेही तसेच आहे. डोक्याच्या मागील बाजूचे छायाचित्र मी भिंगाखाली पाहिले. पाचही खुंट्या एका ओळीत सारख्या अंतरावर आहेत, बुजवलेले एकही छिद्र नाही आणि पाचही खुंट्यांच्या कडेने रोगण सारखेच पिवळे पडले आहे. मागाहून बसवलेल्या खुंटीभोवती असा एकसारखा रंग सहसा मिळत नाही.

लिओ फेंडर यांनी १९५१ साली ‘प्रिसिजन बास’ बाजारात आणली. पडद्यांमुळे स्वर नेमका लागतो म्हणून तिला ते नाव मिळाले. १९६० साली ‘जॅझ बास’ आली, १९६१ साली सहा तारांची ‘बास सिक्स’ आली. जानेवारी १९६५ मध्ये कंपनी सीबीएस या मोठ्या उद्योगसमूहाकडे गेली आणि त्याच वर्षी ‘बास फाइव्ह’ विक्रीला आली. ती चालली नाही. दांडी फारशी रुंद न करता पाच तारा बसवल्यामुळे तारा दाटीने आल्या, आणि वादकांना तेव्हा बासमध्ये आणखी उंच स्वर हवा होता असेही नाही. पुढे १९८० च्या दशकात पाच तारी बास रुळली ती उलट्या दिशेने, खाली बी ही जाड तार देऊन. असे असले तरी लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडचे जॉन पॉल जोन्स यांच्यासारख्या वादकाकडे ‘बास फाइव्ह’ होती. वाद्य खपले नाही म्हणून ते वाईट होते, असे मला मुळीच वाटत नाही.

आता सालाविषयी. एका खुणेवरून साल ठरवू नये, तीन-चार खुणा एकमेकींशी ताडून पाहाव्यात. दांडी जिथे धडाला जोडली आहे तिथल्या धातूच्या पट्टीवर मोठे एफ अक्षर आणि १ ने सुरू होणारा, एक लाख साठ हजारांच्या घरातला क्रमांक आहे. हा क्रमांक १९६६ च्या आसपासचा आहे. पण ही पट्टी चार स्क्रूंवर असते, सहज बदलता येते, आणि कारखान्यातही पट्ट्या क्रमवार वापरल्या जात नसत, त्यामुळे हा पुरावा ढोबळच धरावा. दांडीच्या कडेला पांढरी किनार आणि पडद्यांमध्ये मोत्यासारखे चकाकणारे चौकोनी तुकडे आहेत. सुरुवातीच्या वाद्यांवर ठिपके होते, चौकोन १९६६ पासून आले. तिसरी खूण आवाजाच्या बटणाखाली, पॉटच्या (आवाज कमी-जास्त करणाऱ्या विद्युत भागाच्या) पाठीवर आहे. तिथे ३०४ ६६ १५ असे आकडे दिसतात. ३०४ हा स्टॅकपोल या उत्पादकाचा क्रमांक, ६६ हे साल आणि १५ हा त्या वर्षातला आठवडा, म्हणजे एप्रिल १९६६. मात्र फेंडरने त्या वर्षी पॉटचा मोठा साठा घेऊन ठेवला होता आणि तो पुढची काही वर्षे पुरला, म्हणून हा आकडा ‘याच्या आधीचे नाही’ एवढेच सांगतो. त्यावरचा डाग, म्हणजे सोल्डर, जुना आणि न छेडलेला दिसतो, ही चांगली गोष्ट आहे.

चौथी खूण सगळ्यांत बोलकी आहे आणि ती अजून पाहायची राहिली आहे. दांडीच्या बुडाशी, धडात लपणाऱ्या भागावर, शाईचा शिक्का असतो: आधी नमुन्याचा आकडा, मग महिन्याची तीन इंग्रजी अक्षरे, सालाचे दोन आकडे आणि शेवटी दांडीची रुंदी सांगणारे अक्षर. तारा पूर्ण सैल करून, मापाच्या पेचकसाने ते चार स्क्रू जाणत्या हाताकडूनच काढून घ्यावेत आणि शिक्क्यावरून बोटही न फिरवता छायाचित्र घ्यावे. हा महिना दांडी तयार झाल्याचा असतो. वाद्य जोडले गेले ते त्यानंतर.

मामांचे सीडीसी पुस्तक, म्हणजे खलाशाच्या जहाजावरील नोकरीचे अधिकृत नोंदपुस्तक, घरात असेल तर तेही जपून ठेवा. कोणत्या जहाजावर केव्हा चढले आणि केव्हा उतरले, याच्या नोंदी त्यात असतात. १९७१ ची रजा त्यावरून पक्की करता येईल. ऑर्केस्ट्राच्या जुन्या फोटोंत ही गिटार दिसत असेल तर फोटोच्या मागे साल आणि ठिकाण लिहून ठेवावे.

पुन्हा रोगण चढवू नका, बटणे बदलू नका, काढलेला प्रत्येक स्क्रू पुडीत ठेवा. रोगणावरच्या बारीक चिरा वयाच्या आहेत. इंदूरच्या मे महिन्यात ती माळ्यावर ठेवण्याची चूक मात्र करू नये.

तारा बसवताना आजचा पाच तारी संच चालणार नाही, कारण त्यात खालची बी असते आणि ती अटीच्या खाचेत मावणार नाही. सहा तारी बासचा संच घेऊन त्यातली बी बाजूला ठेवावी. उरलेल्या ई, ए, डी, जी, सी याच आपल्या पाच तारा. या वाद्यात तारा धडाच्या मागून ओवल्या जातात, तेव्हा विकत घेण्याआधी त्यांची लांबी तेवढी पुरेशी आहे का, ते विचारून घ्यावे.