ऑफिसच्या ईपीएबीएक्सवर एक्स्टेन्शन नंबर आणि फीचर कोड कसे ठरवावेत?

तुम्ही लिहिलंय की ईपीएबीएक्सवर, म्हणजे ऑफिसातले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनला जोडणाऱ्या बोर्डावर, 24 एक्स्टेन्शन (आतले फोन) आहेत, टेक्निशियन 101 पासून नंबर टाकतो म्हणतोय. त्याला आजच फोन करा. 1 ने सुरू होणारा एकही नंबर नको, 201 पासून टाक म्हणा.

हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी 11 वर्षं ऑपरेटर होते. नवीन बोर्ड बसला तेव्हा मोठ्या साहेबांच्या केबिनला 101 दिला. मी म्हटलं, सर, तो अग्निशमनचा नंबर आहे. अ‍ॅडमिनचे मॅनेजर म्हणाले, "बाहेर लावायला आधी शून्य दाबावंच लागतं ना मॅडम, 0-101 लावतील." विषय तिथेच संपला.

मे महिन्यात एका रात्री पॅकिंगच्या गोडाऊनमध्ये पुठ्ठ्यांनी पेट घेतला. गेटवरच्या चौकीदार काकांनी 101 फिरवला. रिंग जात होती, कोणी उचलेना. ठेवला, परत लावला. तिकडे वाळूच्या बादल्या घेऊन धावणाऱ्या हेल्परला साहेबांच्या कुलूपबंद केबिनमधून फोन वाजताना ऐकू येत होता. शेवटी शेजारच्या कंपनीतून फोन गेला आणि बंब आले. माणसं वाचली, माल गेला.

दुसऱ्या दिवशी ठपका कोणावर? काकांवर. "शून्य का नाही दाबलं?" मी तेव्हाही बोलले, आजही बोलते: डोळ्यांसमोर आग दिसत असताना माणसाला लहानपणापासून पाठ असलेला नंबरच आठवतो. चूक नंबर देणाऱ्याची होती. 100, 101, 108, 112 हे सगळे 1 नेच सुरू होतात, म्हणून तो आकडा मोकळा सोडायचा. आणि हे नंबर शून्याशिवाय थेट बाहेर जातील असं प्रोग्रॅमिंग करून घ्यायचं.

बाकी, दोन आकडी आणि तीन आकडी नंबर मिसळू नका. 21 आणि 211 दोन्ही ठेवले तर 21 लावल्यावर बोर्ड पुढच्या आकड्याची वाट बघत बसतो. फीचर कोड, म्हणजे पिकअप (दुसऱ्याचा वाजणारा फोन आपल्या फोनवरून उचलणं) आणि फॉरवर्ड (आपला फोन दुसरीकडे वळवणं) यांचे कोड, स्टार किंवा हॅशने सुरू होणारे ठेवा, म्हणजे एक्स्टेन्शनशी भांडण नाही. नेमके कोड कंपनीगणिक वेगळे, ते पुस्तिकेत बघा. 15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून मोबाइलला आधी शून्य लागतं, म्हणजे बोर्डावरून दोन शून्यं. यादीत हे ठळक लिहा, नाहीतर ऑपरेटरचा दिवस तेच सांगण्यात जातो.

हां, काही बोर्डांत 101 एक्स्टेन्शन कंपनीकडूनच टाकून येतो. बदलता येतो, टेक्निशियन कंटाळा करतो एवढंच.

आणि लाइट गेल्यावर बाहेरची लाइन थेट एका फोनला जोडणारा पोर्ट असतो, तो आहे का विचारा. सगळे तो रिसेप्शनला देतात. रात्री रिसेप्शनला कोण असतं? गेटवरच्या फोनला द्या.