टीव्हीखालचा छोटा डबा आणि जुने गेम: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार, मला फक्त जुने व्हिडिओ गेम खेळायला एक छोटा कॉम्प्युटर बनवायचाय, टीव्हीखाली मावेल असा. आत्ता गेमिंग पीसीवर खेळतो पण अर्धा तास मारिओ खेळायला ते एवढं धूड चालू करायचं, मग पंख्यांचा आवाज, वीज, सगळ्याचाच कंटाळा येतो. रास्पबेरी पाय (एका छोट्या बोर्डावरचा कॉम्प्युटर) घेऊ की इंटेलची एन१०० चिप असलेला मिनी पीसी? प्लेस्टेशन २ पण चाललं तर मजा येईल.

उत्तर: तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि बहुतेक लोक ते असंच जाता जाता लिहितात. पाय की एन१०० हे नंतर बघू, आधी सांगा की तुम्हाला कुठल्या कन्सोलपर्यंत, म्हणजे कुठल्या जुन्या गेम मशीनपर्यंत जायचंय, कारण त्या एका उत्तरावर बोर्ड, वीज, पंखा लागेल की नाही, सगळं ठरतं.

निन्टेंडोचं एनईएस, सुपर निन्टेंडो, सेगा मेगा ड्राइव्ह, गेमबॉय आणि पहिलं प्लेस्टेशन, एवढंच हवं असेल तर रास्पबेरी पाय ४ पुरतो, उगाच जास्त घेऊ नका. निन्टेंडो ६४ आणि ड्रीमकास्टला पण तो बऱ्यापैकी चालतो, फक्त निन्टेंडो ६४ चं गेमागणिक बदलतं, एक मस्त पळतो आणि दुसरा रडत चालतो. प्लेस्टेशन २ आलं की मात्र विषय बदलतो. जुन्या मशीनची हुबेहूब नक्कल करून त्याचे गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅमला एम्युलेटर म्हणतात. प्लेस्टेशन २ चा मुख्य एम्युलेटर पीसीएसएक्स२ हा इंटेल-एएमडीच्या एक्स८६ जातीच्या प्रोसेसरसाठीच लिहिलाय आणि पायचा प्रोसेसर एआरएम या वेगळ्या जातीचा आहे, म्हणजे पाय कितीही फास्ट झाला तरी तो एम्युलेटर त्यावर बसतच नाही. तेव्हा तुमच्यासाठी एन१००. त्यावर प्लेस्टेशन २ चे बरेच गेम मूळ रिझोल्यूशनला नीट चालतात, काही जड गेम अडखळतात. चित्र अजून धारदार करायला रिझोल्यूशन वाढवलं की दम लागतो, कारण या चिपला रॅमचं एकच चॅनेल आहे आणि प्रोसेसर नि ग्राफिक्स दोघं त्याच एका वाटेवरून ये-जा करतात.

आता वीज. एन१०० वर ६ वॅट लिहिलेलं असतं ते वाचून लोक खूश होतात पण तो आकडा चिपचा आहे, अख्ख्या डब्याचा नाही. सॉकेटपाशी मोजलं तर नुसता चालू असताना साधारण ६ ते १० आणि जड गेममध्ये २०-२५ वॅटपर्यंत जातं. पाय ४ नुसता बसलेला असताना ३ वॅटच्या आसपास आणि पूर्ण जोरात ६-७. तुलनेला तुमचा गेमिंग पीसी २५० वॅट धरला आणि रोज २ तास खेळलात तर महिन्याला १५ युनिट होतात, २० वॅटचा डबा तेवढाच वेळ चालवला तर १.२ युनिट. पाय आणि एन१०० मधला फरक याच्या तुलनेत किरकोळ आहे, त्यावर डोकं शिणवू नका.

प्रश्न: सुपर निन्टेंडो १९९० सालचं मशीन, मग ते चालवायला इतका प्रोसेसर का लागतो? माझ्या जुन्या लॅपटॉपच्या प्रोसेसरला ४ कोर आहेत, म्हणजे एकात चार प्रोसेसर, तरी काही गेममध्ये आवाज फाटतो.

उत्तर: हा प्रश्न मला फार आवडतो. सुपर निन्टेंडोचा मुख्य प्रोसेसर जास्तीत जास्त ३.५८ मेगाहर्ट्झवर चालायचा, आणि तरी त्याचं काटेकोर एम्युलेशन करणाऱ्या बीएसएनईएस या एम्युलेटरला ३ गीगाहर्ट्झचा प्रोसेसर लागतो असं त्याच्या लेखकानं २०११ मध्ये स्पष्ट लिहिलं होतं. कारण असं की त्या कन्सोलमध्ये मुख्य प्रोसेसर वेगळा, चित्र काढणारी चिप वेगळी, आवाजाचा प्रोसेसर वेगळा, आणि हे सगळे एकाच वेळी आपापल्या तालात चालत असत, तबला आणि पेटी एकत्र वाजतात तसे. एम्युलेटरला मात्र एकट्यानं सगळी वाद्यं वाजवायची असतात, थोडा तबला, थोडी पेटी, परत तबला, आणि सेकंदाला लाखो वेळा ही अदलाबदल करून कुणी पुढे गेलं नाही ना हे बघायचं. हे काम ४ कोरमध्ये वाटता येत नाही कारण प्रत्येकाला दुसऱ्याची वाट बघावी लागते, सगळा वेळ वाट बघण्यातच जाईल. म्हणून जुन्या कन्सोलसाठी कोर किती हे बघू नका, एक कोर एकटा किती पळतो ते बघा.

तुमच्या लॅपटॉपवर आधी एम्युलेटर बदलून बघा. रेट्रोआर्क या अनेक एम्युलेटर एकत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये स्नेस९एक्स नावाचा कोर आहे (तिथं एम्युलेटरलाच कोर म्हणतात, प्रोसेसरच्या कोरशी संबंध नाही), तो काटेकोरपणात थोडी सूट घेतो आणि खूप हलका चालतो, बहुतेक गेममध्ये फरक कळत पण नाही. आणि तरी आवाज फाटला तर तापमान बघा. धूळ बसलेला लॅपटॉप तापला की स्वतःहून वेग कमी करतो, आणि वेग पडला की पहिला मार आवाजालाच बसतो. पायचंही तसंच, ८० अंशांच्या पुढे तो हळू व्हायला लागतो, हीटसिंक, म्हणजे उष्णता खेचणारा धातूचा तुकडा, लावाच.

प्रश्न: सगळं जोडलं, गेम फुल स्पीडला चालतो, पण उडी उशिरा लागते. लहानपणी जो गेम डोळे मिटून संपवायचो तो आता पहिल्याच खड्ड्यात संपतो. बोटं म्हातारी झाली का?

उत्तर: बोटं ठीक आहेत हो. आधी टीव्ही बघा! आताचे टीव्ही प्रत्येक चित्रावर प्रक्रिया करून मग दाखवतात, आणि त्यात सहज ५० ते १०० मिलिसेकंद जाऊ शकतात. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे एक चित्र १६.७ मिलिसेकंदांचं, म्हणजे तुम्ही बटण दाबल्यावर ३ ते ६ चित्रं उशीर, आणि खड्ड्यावरून उडी मारायला तेवढ्यात वेळ निघून जाते. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत ही भानगड नव्हती, सिग्नल आला की थेट पडद्यावर. तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड असतो तो चालू करा, नव्वद टक्के लोकांचं दुखणं तिथंच थांबतं असं मला वाटतं.

उरलं तर कंट्रोलर वायरनं जोडून बघा. आणि मग रेट्रोआर्कचं रन-अहेड, जे मला आजही जादू वाटतं. गेमचा स्वतःचाच एखाद-दुसऱ्या चित्राचा उशीर असतो, मूळ कन्सोलवर पण होता. रन-अहेड पडद्यामागे गेम एक चित्र पुढे खेळून बघतो, ते पुढचं चित्र तुम्हाला आत्ता दाखवतो आणि गुपचूप मागे येतो. म्हणजे तो उशीर पण कापला जातो. अट एवढीच की तेच काम दोनदा होतं म्हणून प्रोसेसर दुप्पट लागतो, एन१०० वर सुपर निन्टेंडो, मेगा ड्राइव्हसारख्या १६-बिटवाल्या गेमना अडचण येत नाही, पायवर हलके कोर वापरा. एका चित्रापासून सुरू करा, जास्त वाढवलं तर हालचाल तुटक दिसते.

प्रश्न: माझ्याकडच्या एका गेमचं संगीत संथ वाटतं, पण मशीन तर अजिबात दमलेलं नाही.

उत्तर: तुमच्या गेमची फाइल बहुतेक युरोपियन आवृत्तीची असणार. तिकडचे टीव्ही ५० हर्ट्झचे, त्यामुळे बरेच गेम तिथं सहाव्या हिश्शानं हळू चालायचे. अमेरिकन किंवा जपानी आवृत्ती ६० ची असते, ती लावा.

प्रश्न: खेळून झालं की सरळ स्विच बंद केला तर चालतं का? जुन्या कन्सोलचा तर आपण तसाच करायचो.

उत्तर: नाही, प्लीज नका करू. पायमध्ये सगळं ज्यावर साठवतात त्या मेमरी कार्डावर काहीतरी लिहिणं चालू असताना वीज गेली तर कार्ड खराब होऊ शकतं हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. सेव्ह करता येणाऱ्या बऱ्याच जुन्या कार्ट्रिजमध्ये (कन्सोलमध्ये खोचायच्या गेमच्या डबीत) बॅटरी असायची आणि गेममध्ये सेव्ह केलं की ते त्याच क्षणी तिथं राहायचं. रेट्रोआर्क ते सेव्ह आधी मेमरीत ठेवतं आणि गेम नीट बंद केल्यावर फाइलमध्ये लिहितं. माझा ३० तासांचा एक आरपीजी (लांबलचक कथेचा गेम) असा गेलाय, मी गेममधल्या सरायीत झोपून व्यवस्थित सेव्ह केलं होतं, स्क्रीनवर तसं लिहूनही आलं, मग प्लग काढला आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर आठवड्यापूर्वीची फाइल. फार वाईट वाटलं होतं. सेटिंगमध्ये सेव्हिंगखाली ऑटोसेव्ह इंटरव्हल असतो, म्हणजे किती वेळानं आपोआप फाइलमध्ये लिहायचं ते, तो १० सेकंद करून ठेवा, आणि डब्याला बंद करायचं बटण नीट बसवा जे आधी गेम बंद करेल, मग सिस्टिम, मग वीज.