दोन इंजिनं लावली म्हणजे ताकद डबल का?

प्रश्न : एका व्हिडिओत एक्स्कर्शन गाडीला पुढे वाफेची दोन इंजिनं लावलेली बघितली. पुढचं ओढतंय हे कळलं पण मागचं खरंच काम करतं की नुसतं शोभेला? आणि दोघांचा स्पीड सारखा कसा ठेवतात, जरा कमीजास्त झालं तर एकमेकांना ढकलणार नाहीत का?

उत्तर : मागचंही खरंच ओढतं. आणि स्पीडची काळजी सोडा. कपलिंगने बांधलीयत म्हटल्यावर स्पीड सारखाच राहणार, दुसरा इलाजच नाही. वाटून घ्यायचा असतो तो जोर. एका ड्रायव्हरने रेग्युलेटर (सिलिंडरकडे वाफ सोडणारा दांडा) कमी उघडला तर बाहेरून बघणाऱ्याला काहीच कळत नाही, पण त्याच्या वाट्याचं ओझं गुपचूप दुसऱ्याच्या गळ्यात पडतं आणि तिकडचा फायरमन बिचारा कोळसा टाकून टाकून घामाघूम. डिझेलची चार इंजिनं जोडली तरी एकच माणूस एका कॅबमधून सगळी चालवतो, केबल जोडलेली असते ना. वाफेच्या इंजिनाला ती सोय नाही, म्हणजे दोन ड्रायव्हर, दोन फायरमन, आणि मधे आख्खं टेंडर (कोळशा-पाण्याचा डबा) आडवं, एकमेकांचं तोंडसुद्धा दिसत नाही. त्यामुळे बोलणं शिटीने. पुढच्याने शिटी दिली, मागच्याने तशीच उलट दिली की मगच दोघं रेग्युलेटर उघडतात. आता वॉकीटॉकी आल्या तरी शिटी काही सुटलेली नाही.

खरी गंमत (आणि ड्रायव्हरची डोकेदुखी) आवाजात आहे. साध्या दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्याला चार भकभक होतात आणि ड्रायव्हर त्यावरूनच ओळखतो की इंजिन नीट ओढतंय की चाक घसरतंय. आता शेजारी दुसरं इंजिन भकभकायला लागलं तर आपली कुठली आणि त्याची कुठली? युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीची ८४४ आणि ४०१४ नंबरची इंजिनं मे २०१९ मध्ये अमेरिकेत एकत्र धावली, त्यात ८४४ ची ओढणारी चाकं ८० इंचाची आणि ४०१४ ची ६८ इंचाची, म्हणजे एका किलोमीटरमध्ये पहिलं साधारण १५७ फेरे मारतं तर दुसरं १८४. ठेका जुळणार कुठून! अगदी एकाच जातीची दोन इंजिनं घेतली तरी चाकांची झीज कमीजास्त असतेच, मग भकभक हळूहळू एकत्र येते, परत सुटते, परत येते. रेकॉर्डिंग करणारी मंडळी यासाठीच जीव टाकतात. ड्रायव्हरला मात्र अशा वेळी कानापेक्षा पायाखालच्या हादऱ्यावर जास्त भरवसा ठेवावा लागतो, कारण एकाचं चाक घसरलं की सगळा भार झटक्यात दुसऱ्यावर येतो आणि रूळ ओले असले तर तेही घसरतं.

म्हणून ताकद कागदावर डबल, चढावर त्याहून जरा कमीच धरा.

प्रश्न : मग ब्रेक कोण मारतं? दोघं एकदम?

उत्तर : नाही, गाडीचा ब्रेक पुढच्याच्या हातात. एअर ब्रेक असेल तर मागच्या इंजिनावरचा डबल हेडिंग कॉक (त्या इंजिनाचा ब्रेक-व्हॉल्व्ह गाडीच्या ब्रेकच्या पाइपापासून तोडणारी तोटी) बंद करून ठेवतात. तो चुकून उघडा राहिला तर पुढचा ब्रेक लावायला पाइपातली हवा सोडतोय आणि मागचं इंजिन तीच हवा परत भरतंय असा प्रकार होईल, आणि उतारावर हे अजिबात चालणार नाही. त्यामुळे इंजिनं जोडल्यावर ब्रेक टेस्ट झाल्याशिवाय गाडी हलत नाही.

प्रश्न : दोन इंजिनांचं वजन पुलांना झेपतं का?

उत्तर : सगळ्यांना नाही. अमेरिकेतल्या कम्ब्रेस अँड टोल्टेक या तीन फुटी गेजच्या (दोन रुळांमधलं अंतर तीन फूट) लाइनवर चामा गावापासून कम्ब्रेस खिंडीपर्यंत ४ टक्के चढ आहे, म्हणजे शंभर मीटर गेलात की चार मीटर वर. जड गाडीला तिथे दोन इंजिनं हवीतच, पण वाटेत लोबाटोचा उंच लोखंडी पूल येतो आणि त्यावर दोन इंजिनं लागोपाठ न्यायला बंदी. मग पुढचं सोडवायचं, ते एकटं पलीकडे जाऊन थांबणार, मागून दुसरं गाडी घेऊन येणार, परत जोडायचं. चढावर थांबून परत सुरुवात करायची म्हणजे काय ते फायरमनलाच विचारा.

प्रश्न : आता डिझेल असताना दोन दोन वाफेची इंजिनं जोडायची गरज काय?

उत्तर : खरं सांगू, बहुतेक वेळा गरज नसते, लोकांना बघायचं असतं म्हणून. कोळसा डबल, पाणी डबल, माणसं डबल, वर पाणी भरायला दोन्ही इंजिनं आळीपाळीने उभी करायची. जड गाडी, मोठा चढ किंवा एक बंद पडलं तर दुसरं हाताशी असावं, ही कारणं आहेतच, पण त्यासाठी मागे डिझेल लावणं स्वस्त पडतं. ब्रिटिश रेल्वेने ११ ऑगस्ट १९६८ ला वाफेची शेवटची स्पेशल काढली, तिकीट १५ गिनी (म्हणजे पावणेसोळा पौंड), तेव्हाही कार्लाइलहून मँचेस्टरला परतताना पुढे ब्लॅक फाइव्ह जातीची दोन इंजिनं होती, ४४७८१ आणि ४४८७१. त्यातलं ४४८७१ जपलं गेलं, ४४७८१ भंगारात गेलं.

प्रश्न : अशा गाडीत बसायचं तर डबा कुठला घ्यावा?

उत्तर : इंजिनाला लागून पहिला, खिडकी उघडत असेल तर. डोळ्यात कोळशाची कणी जाणार, चष्मा लावा. बोगद्यात खिडकी लावून घ्या आणि मागच्या इंजिनावरच्या दोघांची आठवण काढा, पुढच्याचा सगळा धूर त्यांच्याच कॅबमध्ये शिरत असतो.