'उत्तरीय' तपासणी म्हणजे कसली?

प्रश्न असा आला आहे : बातमीत कधी 'मृतदेह शवविच्छेदनासाठी पाठवला' असतं, तर कधी 'उत्तरीय तपासणीसाठी'. दोन्ही एकच का? आणि उत्तरीय म्हणजे तर खांद्यावरचं वस्त्र, ते इथे कुठून आलं?

वस्त्राचं आधी उरकू. संस्कृत 'उत्तर'चा 'वरचा' हा अर्थ उपरण्याकडे गेला, 'नंतरचा' हा अर्थ उत्तरार्ध, उत्तरायुष्य, उत्तरक्रिया यांच्याकडे. ही तपासणी उत्तरक्रियेच्या कुळातली. मरणानंतरची, इतकंच. मग सरळ 'मरणोत्तर' म्हणायला काय हरकत? हरकत काही नाही, पण 'मरणोत्तर पंचनामा' नावाचा वेगळा कागद असतो. तो पोलीस पंचांसमक्ष करतात : देह कसा पडला होता, अंगावर काय होतं, बाहेरून जखमा कुठे दिसतात. उत्तरीय तपासणी डॉक्टरांची. बातमीदारसुद्धा या दोन्हींची सरमिसळ करतात.

आता मूळ प्रश्न. व्यवहारात दोन्ही एकच, आणि घरची मंडळी तर 'पीएम झालं का?' एवढंच विचारतात. पण शब्दाला धरून पाहिलं तर मला 'उत्तरीय तपासणी' जास्त नेमका वाटतो. विच्छेदन म्हणजे कापणं, आणि मृत्यूची वेळ सांगणाऱ्या बऱ्याचशा खुणा सुरी लावायच्या आधीच बघायच्या असतात.

ताठरपणा घ्या. मेल्यावर अंग आधी सैल पडतं, मग स्नायू आखडू लागतात; ते प्रथम पापण्या, जबडा, मानेशी जाणवतं, नंतर हातापायांत. साधारण 12 तासांत सगळं अंग ताठ, पुढे तेवढाच वेळ तसंच, मग त्याच क्रमानं सैल, असा ढोबळ हिशेब शिकवतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो लवकर आटोपतो. दुसरी खूण रक्ताची. हृदय थांबलं की रक्त खालच्या बाजूला उतरतं आणि त्वचेवर जांभळट डाग दिसतात. काही तासांनी ते पक्के होतात, मग देह फिरवला तरी हलत नाहीत. म्हणून पालथ्या सापडलेल्या देहाच्या पाठीवर असे पक्के डाग असले, तर कुणीतरी तो नंतर उलटवला आहे हे नक्की.

देह थंड किती झाला यावरून वेळ काढणं थंड प्रदेशात ठीक. मे महिन्यात चंद्रपूरला पारा 45च्या घरात असताना उघड्यावरचा देह थंड व्हायचा कसा? तिथे पोटाच्या उजव्या खालच्या भागावर येणारी हिरवट छटा जास्त कामाची. कुजणं बहुधा तिथूनच दिसायला लागतं. या सगळ्यातून निघतो तो वेळेचा पट्टा. अहवालात 'रात्री 10 वाजून 20 मिनिटांनी' असं कुणी लिहीत नाही. ते मालिकांतल्या डॉक्टरांनाच जमतं.

कारणाचं मात्र वेगळं, त्यासाठी बहुतेकदा आत पाहावंच लागतं. तरी गळ्यावरचा वळ बाहेरूनच बरंच बोलतो : फासाचा सहसा तिरका, वर कानाकडे चढणारा, आवळलेल्याचा आडवा, गळाभर.

जाता जाता 'व्हिसेरा राखून ठेवला'. मूळ शब्द लॅटिन आणि अनेकवचनी, अर्थ आतले अवयव; मराठीत तो बिनदिक्कत एकवचनी पुल्लिंगी झाला आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. जठर, लहान आतड्याचा तुकडा, यकृताचा भाग, दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा अर्धा भाग असं बरणीत भरून न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जातं, बहुधा मिठाच्या संपृक्त द्रावणात. विषाची शंका असली की हे हमखास होतं. तेव्हा बातमीत हे वाक्य आलं, तर कारणावर अंतिम मत अजून दिलेलं नाही, असं समजावं. 'घातपात' असा त्याचा अर्थ होत नाही.